अक्कलदाढेच्या आधी

आज पदवी घेत असलेल्या तरुण दंतवैद्यांनो,

चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता पुरी करून इथवर आलेल्या प्रत्येकाचं मनापासून अभिनंदन. तुमच्यासाठी पहाटे उठून डबे भरणाऱ्या, फी भरताना हात आखडता न घेणाऱ्या घरच्यांचंही अभिनंदन.

मराठी भाषेनं माणसाची वाढ फार पूर्वीपासून तोंडातच मोजली आहे. लहान तोंडी मोठा घास घेणाऱ्याला ‘तुझे अजून दुधाचे दात पडले नाहीत’ म्हणून गप्प करतात. सतराव्या-अठराव्या वर्षानंतर उगवणाऱ्या शेवटच्या दाढेला अक्कलदाढ म्हणतात. साधारण सहाव्या महिन्यात बाळाचा पहिला दात हिरडीतून डोकावतो आणि त्याच सुमारास घरात उष्टावण होतं. तिसऱ्या वर्षापर्यंत दुधाचे २० दात, सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ, तेराव्या वर्षापर्यंत २८ दात आणि मग ती अक्कलदाढ, असं हे वेळापत्रक.

मनाचंही असंच एक वेळापत्रक एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १९५० साली मांडलं. माणसाच्या आयुष्याच्या त्यानं आठ अवस्था सांगितल्या. तान्हेपणी मूल जगावर विश्वास ठेवायला शिकतं, शाळेच्या वयात ‘मला हे जमतं’ याची खात्री शोधतं, पौगंडावस्थेत ‘मी कोण?’ या प्रश्नाशी झुंजतं. ही दोन वेळापत्रकं शेजारी ठेवली की तोंडाचे आजार नेमक्या कुठल्या दारातून आत येतात, ते दिसू लागतं.

पहिलं दार पाळण्यातलं. रात्री रडणाऱ्या बाळाच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली दिली जाते. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखा पांढरट पट्टा उमटतो. ही किडीची पहिली पायरी, आणि इथून परत फिरता येतं. पुढे दाताचं कवच फुटतं, कीड आतल्या थरात शिरते, मग नसेपर्यंत जाते आणि शेवटी गळू होतं. पण त्या आईला ‘बाटली बंद करा’ एवढंच सांगून पाठवलं, तर बाळाचा रात्रीचा आधारच काढून घेतला जातो. दुधात हळूहळू पाणी वाढवा, शेवटी नुसतं पाणी ठेवा आणि झोपवताना थोपटा, असं सांगणारा दंतवैद्य त्या बाळाचा दातही वाचवतो आणि विश्वासही.

दुसरं दार सहाव्या वर्षीचं. पहिली कायमची दाढ दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते. ‘पडेल की’ म्हणत सोडून दिलेली ही दाढ कित्येकदा दहाव्या-बाराव्या वर्षीच कामातून जाते. या वयाच्या मुलाला सगळं स्वतःच्या हातानं करायचं असतं, पण ब्रश नीट फिरवण्याइतका हात अजून बसलेला नसतो. मुलानं घासावं आणि शेवटचा हात आई-बाबांनी फिरवावा, ही साधी सूचना त्याचा उत्साह राखते आणि दाढही.

किडीप्रमाणेच हिरड्यांच्या आजारातही पहिली पायरी मागे फिरण्याची आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हेराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा ब्रश हातात घेतल्यावर त्या पूर्ववत झाल्या. हाच आजार हाडापर्यंत पोचला की झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

तिसरं दार मात्र सर्वांत उघडं आणि सर्वांत धोक्याचं. ते पाहायला भिवंडीला जावं लागेल.

भिवंडीहून वाड्याकडे निघालं आणि नदीनाका मागे पडला की शेलार येतं. हा सगळा परिसर यंत्रमागांचा. कारखान्यात पाऊल टाकलं की खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या, हवेत कापसाची धूळ, झोप उडवायची गरज. बोलण्यासाठी तोंड उपयोगाचं राहत नाही, मग त्यात पुडी जाते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तेव्हापासून पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकायचे आणि गिऱ्हाइकानं तळहातावर एकत्र करायचे, ही पळवाट निघाली. लूमवर नव्यानं आलेल्या सोळा वर्षांच्या पोराला ती पुडी कुणी विकत नाही, कुणीतरी ‘घे रे’ म्हणून देतो. ती घेतली की तो मोठ्यांच्यातला होतो. ‘मी कोण?’ या प्रश्नाचं स्वस्तातलं उत्तर त्याला अक्कलदाढेच्या आधी मिळतं.

पुढे पायऱ्या ठरलेल्या. आधी वडापावची चटणी झोंबायला लागते. घरचे म्हणतात ‘तोंड आलंय’ आणि मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येतात. मग गालाची आतली बाजू गुलाबी सोडून संगमरवरासारखी फिकी पडते. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू तयार होत राहतात आणि त्यांचा निचरा थांबतो. ताण्याचे धागे बीमवर घट्ट ओढावेत तसे गालात दोर ताणले जातात. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उभी करून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगावीत. निरोगी माणसाची तिन्ही जातात. या पोराची आधी दोनच जातात, काही वर्षांनी एक.

मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी या आजाराचं वर्णन १९५३ सालीच केलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी श्वार्ट्झ यांना तो पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये दिसला होता. १९९५ साली खन्ना आणि अँड्राड यांनी १०० रुग्णांच्या अभ्यासातून, तोंड किती उघडतं त्यावरून, त्याच्या पायऱ्या मिलिमीटरमध्ये आखल्या: २६ ते ३५, मग १५ ते २५, मग १५ पेक्षा कमी, आणि शेवटच्या गटात कर्करोगाकडे झुकलेलं तोंड. सुपारी सोडली की आजाराची पुढची वाट अडते, पण एकदा ताणलेले दोर सहसा सैल होत नाहीत. म्हणून चटणी झोंबण्याच्या पायरीवर तो पोरगा भेटणं महत्त्वाचं.

धोका माहीत असला की माणूस सवय सोडतो, हा समज सिग्मंड फ्रॉइडच्या आयुष्यानं खोटा ठरवला. बाळाच्या मानसिक वाढीची पहिली अवस्था तोंडाभोवती फिरते, असं मांडणारा हाच माणूस. त्याच्या त्या सिद्धान्तामागे भक्कम पुरावा असल्याचं आज मानलं जात नाही, पण त्याचं स्वतःचं तोंड मोठा धडा देऊन गेलं. १९२३ च्या सुरुवातीला त्याला टाळू-जबड्यावर पांढरा चट्टा दिसला. स्वतः डॉक्टर असूनही त्यानं सुमारे दोन महिने तो दाखवला नाही. पुढच्या १६ वर्षांत ३० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, वरचा जबडा बराचसा काढला गेला, तरी सिगार सुटली नाही. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये तो गेला.

मग बोलून उपयोग काय? त्याचं उत्तर याच मातीतल्या लोकांनी शोधलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे डॉ. प्रकाश गुप्ता, मेहता आणि पिंडबोर्ग यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतल्या सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना घरोघर गाठून समजावलं. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू सोडणाऱ्यांचं आणि कमी करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पांढरे चट्टे उमटण्याचं प्रमाण घटलं. शस्त्र हातात न घेता झालेला हा उपचार होता.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यांच्यात दात दुखतो म्हणून मिश्री लावणारी आजी आहे आणि लूमवरचा तो पोरगाही. दोघांना एकच भाषण चालणार नाही. सोळाव्या वर्षी पन्नाशीतल्या कर्करोगाची भीती वाटत नाही. ‘दोन वर्षांनी मित्रांबरोबर वडापाव खाता येईल का?’ हा प्रश्न मात्र त्याला भिडतो. आजीला नातवासमोरचा तिचा मान आठवून द्यावा लागतो, आणि दुखणारा दात आधी बरा करावा लागतो.

उद्या तुमच्यातलं कुणी शेलारसारख्या गावात दवाखाना थाटेल. तुमच्या केसपेपरवर दातांच्या आकृतीशेजारी दोन ओळी छापून घ्या: तोंड किती मिलिमीटर उघडतं, आणि पहिली पुडी कितव्या वर्षी, कुणी दिली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला पाच मिनिटं काढा. आणि तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय मदतसेवेचा मोफत क्रमांक, १८००-११-२३५६, खुर्चीत मान मागे टेकवलेल्या रुग्णाला समोर दिसेल अशा उंचीवर भिंतीवर लावा.