शब्दाला पंधरा पैसे
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'इंटरनेटवर लिहून पैसे कसे मिळवावेत' हा विषय दिला आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ही घरी बसून लिहिते आणि डॉलर कमावते' अशी बातमी फिरली, त्याचा हा परिणाम. त्यातलं 'घरी बसून' एवढं अगदी खरं आहे.

२०१३ साली आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली. मुलगा तेव्हा सातवीत. एका कंटेंट एजन्सीची जाहिरात पाहून मी अर्ज केला. पहिला लेख होता वॉटरप्रूफिंगवर. आठशे शब्द, शब्दाला १५ पैसे, म्हणजे १२० रुपये. 'छताची गळती' हे शब्द लेखात सहा वेळा आलेच पाहिजेत, अशी अट. गूगलवर शोधणाऱ्याला तो लेख वर दिसावा म्हणून ही युक्ती असते. मला दोन दिवस लागले. शिवाय मी टाइप केलं होतं डीटीपीवाल्यांच्या जुन्या फाँटमध्ये, त्यामुळे संपादकाच्या संगणकावर मराठीऐवजी नुसती अगम्य चिन्हं उमटली. मग पंधरा दिवस बसून इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकले, युनिकोड समजून घेतलं आणि तोच लेख पुन्हा टाइप केला. ते १२० रुपये यायला दोन महिने लागले.

खरे पैसे मिळू लागले ते भाषांतरातून. मोबाइल ॲप, बँकेचे संदेश, औषधांची माहितीपत्रकं. एका ॲपच्या बटणावर 'प्रस्तुत करा' लिहिलं होतं. मी म्हटलं, 'पाठवा' लिहा. त्यावरून चार ईमेल झाल्या. बाई, निबंधात तुम्ही लाल शाईनं 'सोपं लिही' असं लिहायचात, त्याचा मोबदला मला तिथे मिळाला. 'पाठवा' राहिलं.

पुढे अपवर्कवर गेले. तिथे कामासाठी बोली लावायलाही 'कनेक्ट्स' विकत घ्यावे लागतात. त्या वेळी एका ग्राहकाकडून पहिले ५०० डॉलर मिळेपर्यंत साइट २० टक्के कापून घ्यायची. म्हणजे ४० डॉलरच्या कामाचे हातात ३२, आणि रुपयांत बदलताना आणखी थोडी कात्री. फाइव्हरवरही २० टक्केच. देशातल्या कंपन्या १० टक्के टीडीएस कापतात. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, पण पहिली दोन वर्षं मी ते भरलंच नाही. अज्ञान, दुसरं काय!

आणि बुडालेले पैसे? एका एजन्सीनं ३४ लेख घेतले आणि २७ हजार रुपये दिलेच नाहीत. आधी 'अकाउंट्सवाले रजेवर आहेत', मग फोन बंद. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं, सगळा व्यवहार फोनवर. मुलाच्या क्लासची फी त्या पैशांतून भरायची होती. ती माझ्या भावानं भरली. हे मी घरात बरेच दिवस सांगितलं नव्हतं. आता माझी 'उद्यम' नोंदणी आहे. ती फुकट होते, आणि लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, हे बिलावर छापता येतं. नवा ग्राहक असेल तर निम्मे पैसे आधी घेते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. वॉटरप्रूफिंगचा लेख आता यंत्र चहा उकळायच्या आत लिहून देतं. वर्षभरात माझे तीन जुने ग्राहक गेले. चौथ्यानं यंत्राचं मराठी तपासायचं काम दिलं, निम्म्या दरानं. वेळ जवळजवळ तेवढाच लागतो, कारण वाक्य वरून गुळगुळीत असतं आणि चूक आत दडलेली असते. औषधाच्या पत्रकात 'जेवणाआधी'चं 'जेवणानंतर' झालं तर कोण जबाबदार? म्हणून अशी कामं अजून माणसाकडे येतात. किती दिवस येतील, ठाऊक नाही.

काल आपल्या वर्गातल्या एकीनं विचारलं, मुलगी नोकरी सोडून हेच करू म्हणते, करू दे का? मी म्हटलं, आत्ता नको. सहा महिने संध्याकाळी करू दे. औषध, कायदा, शेती, हिशेब, यांपैकी एक विषय नीट शिकू दे. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय राजीनामा देऊ नको म्हणावं.

सकाळी नाश्त्याच्या वेळी बाईंनी मला विचारलं, "तुझ्या नावानं छापलेलं काही आहे का? मला वाचायला पाठव." बाई, मी तेव्हा विषय बदलला. इतक्या वर्षांत हजारच्या वर लेख लिहिले असतील, एकाखालीही माझं नाव नाही. करारच तसा असतो. त्याचे पैसे घेतले, तक्रार नाही. पण तुमच्यासमोर उत्तर देता आलं नाही, ते लागलं.

हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत म्हणे. मानधन नाही, नाव आहे. बाई, एक अंक मी स्वतः घरी आणून देईन. लाल पेन तयार ठेवा.

दरपत्रकाचा नमुना कुणाला हवा असेल तर जेवणाच्या वेळी मला भेटा, मी दहा झेरॉक्स आणल्या आहेत.