नागापूर ते कळसूबाई : हजार मीटरची जीवसृष्टी

(नागापूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सीनाकाठचे हे आपले नागापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीतच हजार मीटरची चढण आहे. ही चढण चढताना झाडाझुडपांच्या, पाखरांच्या, किड्यांच्या जाती वाढत जातात की कमी होतात, एवढाच आजचा प्रश्न.

हा प्रश्न नकाशावर मांडला तो जर्मन निसर्गसंशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी. १८०२ साली ते दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढले. १८०७ साली त्यांनी त्या पर्वताचे चित्र छापले आणि कोणती वनस्पती किती उंचीवर सापडते, तिचे नाव त्या त्या उंचीवर लिहिले. पुढे फार काळ अभ्यासकांचा समज असा होता, की वर जावे तसतशा जाती कमीच होतात. समज अगदीच निराधार नव्हता. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि बहुतेक डोंगर वर निमुळते होत जात असल्याने जमीनही आक्रसते.

१९९५ साली डेन्मार्कचे कार्स्टन राबेक यांनी जगभरचे जुने अभ्यास पुन्हा तपासले. तेव्हा दिसले की अनेक पर्वतांवर जाती पायथ्यापासून घटत जात नाहीत. आधी वाढतात, मधल्या उंचीवर सर्वाधिक होतात आणि मग उतरतात. नेपाळच्या हिमालयात नेच्यांच्या जाती सुमारे २००० मीटरवर सर्वाधिक आढळतात.

मध्येच गर्दी का? एक कारण निव्वळ भूमितीचे आहे. कंपासपेटीत लहानमोठ्या पेन्सिली कशाही टाका. लांब पेन्सिल मधली जागा व्यापतेच, म्हणून मध्यावर सर्वांत जास्त पेन्सिली एकमेकींशेजारी येतात. पायथा आणि माथा या दोन भिंतींमध्ये प्रत्येक जातीचा उंचीचा पट्टा असाच बसतो. दुसरे कारण अधिक वजनाचे आहे, ते म्हणजे पाणी. अमेरिकी संशोधक क्रिस्टी मॅकेन यांनी २००९ साली पक्ष्यांबद्दलचा जगभरचा आढावा प्रसिद्ध केला. भरपूर पावसाच्या पर्वतांवर पक्ष्यांच्या जाती खालच्या भागात जास्त, तर कोरड्या पर्वतांवर मधल्या उंचीवर जास्त, असे त्यात दिसले. ऊब आणि ओल जिथे एकत्र नांदतात, तिथे जीवसृष्टी फुलते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अकोले तालुक्यातले भंडारदरा सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, म्हणजे नागापूरपेक्षा जेमतेम शंभर मीटर उंच. उष्णतेत त्याने अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक पडावा. पण आपल्याजवळच्या अहिल्यानगर शहराला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस मिळतो, आणि भंडारदऱ्याच्या पश्चिमेला घाटघरला तो पाच हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला थडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. उरलेसुरले आपल्या वाट्याला येतात. म्हणून इथे बाभूळ, हिवर, बोर, आणि तिथे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. शेतसुद्धा तेच सांगते : इथे बाजरी, ज्वारी, तिथे खाचरात भात आणि उतारावर नागली, वरई. आपल्या जिल्ह्यात जातींची संख्या उंचीपेक्षा पावसाकडे पाहून ठरते. उंची मोजताना आपण पुष्कळदा पाऊसच मोजत असतो.

अकोले तालुक्याच्या डोंगरात मात्र उंचीही आपला हिशेब मांडते. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हे डोंगर झाले, त्यामुळे उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा अशी त्यांची ठेवण आहे. माती आणि पाणी साठते ते घळीत आणि कड्याखालच्या उतारावर. दाट झाडी तिथेच टिकते. त्यावर दर सात वर्षांनी एकदम फुलणारी कारवी. आणि माथ्यावर? झाडे जवळपास नाहीतच. याला थंडी कारण नव्हे. हिमालयात थंडीने झाडांची सीमा पडते ती जवळजवळ चार हजार मीटरवर. आपल्या माथ्यांवर झाडे नाहीत, कारण माती वीतभरही नाही, वारा अंगावर येतो, आणि भर म्हणून चराई व वणवे.

पण उघडा माथा म्हणजे ओसाड माथा नव्हे. पावसाळ्यात याच खडकाळ माथ्यांवर, म्हणजे सड्यांवर, गेंद, सोनकी, सीतेची आसवे फुलतात. सीतेची आसवे तर पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते, कारण त्या मातीत नत्राचा दुष्काळ असतो. याच डोंगरांतल्या हरिश्चंद्रगडावर कंदीलपुष्पाची ‘सेरोपेजिया लॉई’ ही जात आढळते. ती सह्याद्रीबाहेर जगात कुठेही नाही. झाडे मोजली तर माथा गरीब ठरतो. दुसरीकडे कुठेच नसलेल्या जाती मोजल्या, तर श्रीमंत.

हाच न्याय आपल्या माळरानालाही लावला पाहिजे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. ते सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६चे, ३६१ चौरस किलोमीटरचे. दोन्हींतल्या जातींची बेरीज करून स्पर्धा लावणे व्यर्थ आहे. काळवीट, लांडगा, धाविक हे उघड्या गवताचे जीव. माळावर दाट झाडे लावून तिथे जंगल करू गेलो, तर जातींचा आकडा कदाचित वाढेल आणि काळवीट जाईल.

आता एक काळजीची बाब. २०१२ साली संशोधक हुम्बोल्टच्या चिंबोराझोवर पुन्हा गेले, तेव्हा वनस्पती वर सरकलेल्या आढळल्या. किती सरकल्या याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, दिशेबद्दल नाहीत. चिंबोराझो सहा हजार मीटरहून उंच आहे, तिथे सरकायला जागा तरी आहे. आपला डोंगर १६४६ मीटरवर संपतो. साडेसहा अंशांचा हिशेब धरला, तर एक अंश उष्णता वाढली की एखाद्या जातीला जुनी हवा मिळवायला दीडशे मीटर वर जावे लागेल. सड्यावरच्या फुलाने कुठे जायचे?

म्हणून एक विनंती करून थांबतो. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या गावची नोंदवही मागून बघा. तिच्यात जातीच्या नावापुढे जागा, महिना आणि उंची, एवढ्या तीन गोष्टी लिहायचा आग्रह धरा. उंची आज कोणाच्याही मोबाइलवर दिसते. हुम्बोल्टने नावापुढे उंची लिहिली, म्हणूनच दोनशे वर्षांनी तुलना करता आली. आपल्या नातवंडांना तशी तुलना करता यायची असेल, तर ती नोंद आजच आपल्याला करावी लागेल.