परक्या घरचे पाणी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



 विवाहानंतर माझा संसार अमेरिकेत झाला आणि पुढे नागरिकत्वही तेथलेच घेतले. तरी आपल्या संस्थेची स्मरणिका दरवर्षी घरी येत राहिली आणि वधूवरांच्या यादीपासून गुणवंत विद्यार्थ्यांच्या नामावलीपर्यंत तीतील सर्व काही मी आवडीने वाचीत आले. निवृत्तीनंतर, वयाच्या ६३ व्या वर्षी, मी स्वयंसेविका म्हणून नेपाळात गेले आणि २०१६ ते २०१८ या काळात तेथील एका डोंगरी खेड्यात परक्या कुटुंबात राहिले. त्या दिवसांविषयी बोलावे अशी आपल्या चिटणिसांची सूचना आहे. तेथला दिनक्रम मी सांगतेच. पण त्याच्या ओघात एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. घरच्या माणसांपुढे बोलत असल्यामुळेच तो ठेवण्याचे धैर्य मला होत आहे.

ज्या संस्थेमार्फत मी गेले तिचे नाव 'पीस कोअर', म्हणजे शांतिदल. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी आज्ञापत्र काढून ती स्थापन केली. अमेरिकेच्या अठरा वर्षांवरील कोणाही नागरिकास तीत अर्ज करता येतो. वयाची वरची मर्यादा नाही. तीन महिने शिक्षण आणि दोन वर्षे सेवा असा एकंदर २७ महिन्यांचा नेम. पगार नसतो, ज्या लोकांत राहावयाचे त्यांच्यासारखे राहता यावे इतकाच निर्वाहखर्च मिळतो. भारतातही हे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत येत होते. लिलियन कार्टर नावाच्या परिचारिका १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, मुंबईतील विक्रोळीस आल्या आणि तेथल्या कारखान्याच्या वसाहतीतील दवाखान्यात त्यांनी सेवा केली. त्यांचेच चिरंजीव जिमी कार्टर पुढे १९७७ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. माझ्या वयाकडे पाहून नवल करणाऱ्यांना मी या बाईंचे नाव सांगत असे.

स्वयंसेवकाने गावातील कुटुंबात राहावे, ही कल्पना मात्र शांतिदलाहून जुनी आहे. डोनाल्ड वॉट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १९३२ साली तरुण मंडळींना परदेशी कुटुंबांत राहावयास पाठविण्याचा उपक्रम आरंभिला. परका देश पाहावयाचा असेल तर तेथल्या वाड्यांपेक्षा तेथल्या घरांत जावे, एका ताटावर बसावे, हा त्यातील विचार. शांतिदलाचे पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर हे स्वतः तरुणपणी या उपक्रमात होते. नेपाळात शांतिदलाची पहिली तुकडी १९६२ साली गेली. अंतर्गत यादवीमुळे २००४ मध्ये ते काम थांबले आणि २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाले. माझ्या वेळी आम्हा सर्वांना गावातल्या कुटुंबातच राहावयाचे होते.

माझे यजमान ब्राह्मण शेतकरी. घरात पतिपत्नी, ऐंशीच्या घरातील सासू, एक सून आणि नातू. थोरला मुलगा कतारला मजुरीस गेलेला. त्या डोंगरात असे घर विरळाच, ज्यातला कोणी ना कोणी आखातात किंवा मलेशियात नाही. गावात राहिले होते ते बहुतांशी म्हातारे, बायका आणि मुले. नियमाने तरुण स्वयंसेवक घरधनिणीस 'आमा' म्हणतात. मी तिच्याहून वयाने मोठी, म्हणून ती मला 'दिदी' म्हणू लागली आणि मी तिला 'बहिनी'. सासू मात्र साऱ्या घराची 'हजुरआमा', तशी माझीही.

पहाटे म्हशीची धार काढण्याच्या आवाजाने जाग येई. सार्वजनिक धाऱ्यावरून, म्हणजे नळकोंडाळ्यावरून, पाणी आणावयाचे, मग चहा. सकाळी दहाच्या सुमारास पहिले जेवण, रात्री दुसरे. दोन्ही वेळा डाळ, भात आणि तरकारी. भाजी नसेल त्या दिवसांत गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळविलेला पाला. भात कमी पडेल तेव्हा नाचणीचा ढिंडो. दुपारी 'खाजा', म्हणजे भाजलेला मका किंवा चिवड्याचे पोहे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण प्रथम विचारणार, "भात खानुभयो?" जेवलात का, हाच तेथला रामराम. गवताचा भारा भरलेला डोको, म्हणजे टोपली, कपाळावरच्या पट्ट्याने पाठीशी घेऊन बायका चढण चढत. मी नुसत्या हातांनी त्यांच्यामागून धापा टाकीत जाई. पावसाळ्यात पायांना जळवा लागत. गावच्या 'आमा समूहा'बरोबर, म्हणजे महिला मंडळाबरोबर, परसबागा लावणे, कंपोस्ट खत करणे, बी राखून ठेवणे हे माझे काम. त्यातले निम्मे मीच त्या बायकांकडून शिकले, हे सांगावयास हवे.

मराठी माणसास ती भाषा फारशी परकी वाटत नाही. आपले जाते तेथे 'जाँतो' आणि आपले चोख तेथे 'चोखो'. उष्ट्याला ते 'जुठो' म्हणतात. तांब्याला ओठ न लावता पाणी वरून प्यावे, कोणाच्या ताटातले उचलू नये, उजव्या हाताने वाढावे, हे सर्व नियम माझ्या अमेरिकन सोबत्यांना महिनामहिना शिकवावे लागले. मला शिकवावे लागले नाहीत. आजीने ते मला परकर नेसण्याच्या वयातच शिकविले होते. तेव्हा बहिनीने माझे कौतुकही केले.

पण त्याच आठवड्यात हजुरआमांनी विचारले, "तुमचे थर कोणते?" थर म्हणजे कूळ, आडनाव. मी आडनाव सांगितले. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले. पण त्या नावाला नेपाळात अर्थ नाही. येथे आपल्या सभागृहात माझे आडनाव ऐकताच कोण कोणाची लेक, माहेर कोणते, कुलदैवत कोणते हे दहा जण सांगतील. तेथे ते निव्वळ अक्षर होते. माझ्या आयुष्यात प्रथमच मी ज्ञातीवाचून उभी होते. पहिले काही महिने माझे ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मांडले जाई. अन्न तेच आणि वाढणाऱ्या हाताची मायाही तीच. पण चुलीपाशी मला येता येत नसे.

याला इतिहास आहे. नेपाळचे जंगबहादूर राणा १८५० मध्ये विलायतेस जाऊन आले आणि १८५४ मध्ये त्यांच्या कारकीर्दीत 'मुलुकी ऐन' नावाचा कायदा झाला. त्यात देशातील सर्व जातिजमाती वरून खाली पायऱ्यांनी मांडल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी चालते ते वर. ज्यांचे चालत नाही ते खाली. आणि ज्यांच्या स्पर्शानंतर पाणी शिंपडून शुद्ध व्हावयास हवे ते सर्वांत खाली. गोरे युरोपीय त्या कायद्यात म्लेंच्छ म्हणून पाणी न चालणाऱ्यांत पडले होते. एवढेच की त्यांच्या स्पर्शाला शिंपण नको. १९६३ च्या नव्या कायद्याने या पायऱ्या काढून टाकल्या आणि २०११ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय अपराध ठरविला. कायदा राजधानीत बदलतो. चुलीपर्यंत पोहोचावयास त्याला पुष्कळ डोंगर चढावे लागतात.

माझ्यापुरता तो चढ सरला, तो कतारहून आलेल्या एका दूरध्वनीने. मुलाने सांगितले की, एका खोलीत आठ जण राहतात, पाळीपाळीने रांधतात, आणि त्यांत सर्व जातींचे, परधर्मांचेही लोक आहेत. बहिनी रात्री बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने माझा पाट चुलीपाशी मांडला आणि म्हणाली, "माझ्या मुलाच्या तोंडात कोणाच्या हातचा घास जातो हे मी विचारीत नाही. तो उपाशी नाही, एवढेच विचारते. मग दिदी, तुम्हाला बाहेर कशी बसवू?" हजुरआमा काही बोलल्या नाहीत, पण त्या वर्षीच्या दसैंला त्यांनी माझ्या कपाळी टिका लावला आणि घरच्या लेकीसुनांना देतात तसा जवाच्या अंकुरांचा जमरा मलाही दिला.

येथे ही हकीकत संपली असती तर मी ती आपल्याला गोड म्हणून सांगितली असती. परंतु गावाच्या खालच्या अंगास दमाई आणि कामी यांची, म्हणजे शिंप्यांची व लोहारांची, सात घरे होती. तेथे ती अस्पृश्य गणली गेलेली. आमा समूहाच्या बैठकीला त्या बायका येत आणि अंगणाच्या कडेस बसत. त्यांना चहा मिळे. पण त्यांचे पेले वेगळे, आणि ते त्यांनीच विसळून पालथे घालावयाचे. त्यांच्या परसबागा पाहावयास मी जाई, तेव्हा त्यांच्याकडचा चहा घेई, आणि घेतला हे घरी येऊन सांगे. बहिनी रागावली नाही. तिने नुसते अंगणातल्या पाण्याकडे बोट दाखविले. हातपाय धुऊन मी आत येई.

मी हे पुष्कळ दिवस मनात घोळविले. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या, कूळ ठाऊक नसलेल्या बाईला चुलीपाशी पाट. आणि जिने या घरच्या तीन पिढ्यांचे कपडे शिवले तिला अंगणाची कड! दूरच्या पाहुण्यासाठी मन मोठे करणे त्या मानाने सोपे असते. पाहुणा एक दिवस जाणार असतो. शेजारी जाणार नसतो, म्हणून त्याच्यासाठी उंबरा हलविणे कठीण जाते. माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या वर्षी, भर पावसात दमाईची सून रोपे घेऊन आली, तेव्हा बहिनीने तिला पडवीत घेतले, घरच्या पेल्यातून चहा दिला आणि पेला स्वतः विसळला. चूल अजून दूरच होती. पण अंगणापासून पडवीपर्यंतच्या त्या चार पावलांना तिला किती बळ लागले असेल, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून तिला नावे ठेवणे मला जमत नाही.

मंडळी, नेपाळच्या डोंगरातली ही गोष्ट मी येथे का सांगते? कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा मुलगा किंवा मुलगी आज परदेशी किंवा परप्रांती आहे. ती कोणाच्या खोलीत राहतात, कोणाच्या हातचे जेवतात, आजारी पडल्यास कोण औषध आणून देतो, हे आपण त्यांच्या तोंडून ऐकतो आणि त्या अनोळखी माणसांना मनोमन दुवा देतो. त्यांची ज्ञात आपण विचारीत नाही. आणि त्याच आपण, घरातली मागची खोली भाड्याने देताना, दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला प्रथम आडनाव विचारतो.

वास्तविक परक्या मुलाला घरात जेवू घालणे आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. वार लावून शिकणे ही आपलीच रीत. आठवड्याचे सात वार सात घरी जेवून कित्येक गरीब मुले शहाणी झाली. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी ते वार जेवले ते त्या माउल्यांची नावे अखेरपर्यंत घेत असत. मात्र ते वार बहुधा आपापल्यांतच लागत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजांना त्या काळी तोच मार्ग खुला होता. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. आणि १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. पहिल्या पावलाशी दुसऱ्याचे वैर नव्हते. पहिले पडले होते म्हणूनच दुसरे पुढे टाकता आले.

आपली संस्था ही पहिल्या पावलाची लेक आहे. तिने आपल्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या, लग्ने जुळविली, अडल्यानडल्याला हात दिला. या ऋणाची मला पूर्ण जाणीव आहे, आणि ज्ञाती सोडा असे सांगावयास मी उभी नाही. माझी विनंती लहान आहे. शहरात शिकावयास येणाऱ्या, कोणत्याही समाजाच्या एका मुलाला किंवा मुलीला, आठवड्यातून एक वार, आपल्यापैकी इच्छुक घरांनी जेवावयास बोलवावे. आडनाव न विचारता बोलवावे, आणि पाट स्वयंपाकघरात मांडावा. ज्यांच्याकडे खोली आहे त्यांनी खोलीचाही विचार करावा. अशा घरांची यादी वधूवरांच्या यादीशेजारी पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापली जावी, आणि तीत पहिले नाव माझ्या भावाच्या घराचे घालावे. त्याची संमती मी घेऊन आले आहे.

कार्यकारी मंडळ या सूचनेचा विचार करील अशी आशा बाळगते.