कृत्रिम तारा

१८८८ सालीं पुण्यास कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं वेधशाळा उभारली, तेव्हां तिच्या दुर्बिणीचा २० इंची आरसा विलायतेंत घडविलेला होता. आज नांदेडसारख्या गांवींही एखादा हौशी गृहस्थ ६ इंची आरसा घरींच घांसूं शकतो. महिनोन्‌महिने कांचेशीं झुंजल्यावर निकालाची वेळ येते. ताऱ्याची प्रतिमा केंद्रबिंदूच्या किंचित् आंत व तितकीच बाहेर नेऊन पाहिली असतां वलयें दोहींकडे सारखीं दिसलीं, तर आरसा साधला.

परंतु तारा कोणता घ्यावा? पुस्तकें ध्रुवाकडे बोट दाखवितात, कारण तो जवळजवळ हलत नाहीं. लंडनला तो क्षितिजापासून ५१ अंश वर असतो. नांदेडला अवघा १९ अंश. इतक्या खालीं पाहणें म्हणजे डोक्यावरच्या हवेच्या तिप्पट हवेंतून पाहणें! त्यांत दिवसभर तापलेल्या काळ्या रानाची ऊब. तारा आधणांतल्या तांदळासारखा नाचूं लागतो, आणि दोष आरशाचा कीं हवेचा, हें उमगत नाहीं.

म्हणून तारा जमिनीवरच करावा. पांढऱ्या एल.ई.डी. दिव्यापुढें धातूचा पातळ वर्ख धरून त्यास सुईच्या टोंकानें जेमतेम छिद्र पाडावें. आरशाचें केंद्रांतर ४ फूट असेल, तर दिवा निदान ८० फूट दूर हवा, आणि छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठें नको. नाहींतर वलयें एकमेकांत मिसळतात. अंतराची कंजुषी तर मुळींच करूं नये. दिवा फार जवळ आणला, कीं निर्दोष अन्वस्ताकार आरशाच्याही कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षां लांब जाऊन मिळतात. बिचारा कारागीर तो दोष समजून पुन्हां घांसावयास बसतो, आणि साधलेली कांच आपल्याच हातानें बिघडवितो.

लेसरचा मोह कित्येकांस पडतो. त्याचा झोत तेजस्वी खरा, पण प्रतिमेंत ठिपक्यांचें जाळें उमटतें. शिवाय डोळ्यास धोका.

सर्वांत स्वस्त तारा जुन्या बेअरिंगमध्यें सांपडतो. इंचभर व्यासाची चकचकीत पोलादी गोळी काळ्या कापडापुढें पश्चिमेस ठेवावी आणि सूर्य पाठीशीं घ्यावा. गोळींत दिसणारें सूर्यबिंब मिलिमीटरच्या सुमारें सतराव्या भागाएवढें असतें. सुईला तें साधणें कठीण. वेळ मात्र सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाची, रान तापण्यापूर्वींची.