गोठ्यातली शाळा

गेल्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "ताई, बँकेत निघाले की सासूबाई म्हणतात, बाईनं उंबऱ्याबाहेर किती हिंडायचं?" तेव्हा मला मार्गरीत बुर्ज्वा आठवली. नाव परकं वाटेल, पण गोष्ट ऐका.

मार्गरीत फ्रान्समधल्या त्र्वा गावची, जन्म १६२० चा. वडील मेणबत्त्या करायचे, घरात भावंडं ढीगभर. आई लवकर गेली. १६५३ साली ती जहाजानं कॅनडाला निघाली, तिथल्या नव्या वस्तीतल्या मुलांना शिकवायला. आज त्या वस्तीचं माँट्रिअल शहर झालंय. वाटेत जहाजावर साथ आली, माणसं दगावली. हिनं आजाऱ्यांची सेवा केली.

पोचल्यावर बघते तर शिकवायला मुलंच नाहीत! त्या थंडीत तान्ही बाळं जगतच नव्हती. मग पाच वर्षं ही बाई शिवणकाम करत, आजाऱ्यांचं बघत थांबली. मला तिच्या या थांबण्याचंच जास्त कौतुक वाटतं. १६५८ मध्ये वस्तीच्या प्रमुखानं तिला एक दगडी गोठा दिला. आधी तिथं गुरं आणि कबुतरं असायची. मार्गरीतनं तो झाडून काढला. खाली शाळा, वर माळा. माळ्यावर जायला बाहेरून शिडी लावायची आणि रात्री तिथंच झोपायचं.

शाळेला फी नव्हती. मग खायचं काय? ती फ्रान्सला जाऊन चार सोबतिणी घेऊन आली. त्यांना तिनं सांगितलं होतं, मिळेल ती भाकरी आणि सूप, बाकी आपल्या हातच्या कामावर. दिवसा शिकवायचं, रात्री शिवायचं. पुढं १६६८ मध्ये शेत घेतलं. फ्रान्सहून लग्नासाठी पाठवलेल्या अनाथ, गरीब मुलींनाही तिनं जवळ ठेवून घरसंसार शिकवला. मूळ रहिवाशांच्या मुलींसाठीही शाळा काढली. जमीन मात्र त्यांचीच होती आणि ती फ्रेंचांनी घेतली होती, हेही सांगायला हवं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. त्या काळी धर्माला वाहिलेल्या बायकांनी मठाच्या भिंतीआडच राहायचं, असा रिवाज होता. मार्गरीतचं म्हणणं, मुली लांबलांबच्या वस्त्यांत आहेत, मग आम्ही कोंडून बसलो तर त्यांना शिकवणार कोण? बिशपांना तिच्या सिस्टर दुसऱ्या, बंदिस्त मठात मिसळून टाकायच्या होत्या. ती भांडली नाही, पण हटलीही नाही. १६८३ मध्ये घर जळालं, दोन सिस्टर गेल्या, त्यातली एक तिची सख्खी भाची. तरी काम थांबलं नाही. १६८९ मध्ये बिशपांनी क्वेबेकला बोलावलं, तर एकोणसत्तराव्या वर्षी ही बाई पायी गेली! अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

शेवटी १६९८ मध्ये त्यांच्या नियमांना मंजुरी मिळाली. भिंत नाही, सिस्टरांनी गावोगाव जायचं. दोन वर्षांनी, जानेवारी १७०० मध्ये, मार्गरीत वारली. १९८२ साली पोपनी तिला संत जाहीर केलं.

तिच्या शेतावरचं जुनं घर माँट्रिअलमध्ये अजून उभं आहे. तिथं आता संग्रहालय आहे.

मावशी, सोमवारी बँकेत जाताना मी बरोबर येते. पासबुक तेवढं विसरू नका.