तरण्या बाईला लकवा का मारतो?

आम्ही डहाणू आणि तलासरीतल्या बचत गटांचं काम पाहतो. बैठकीत आपण हप्ते, व्याज, परतफेड बोलतो. आज आजारपणावर बोलू, कारण गटाच्या कर्जातला मोठा वाटा तिकडेच जातो.

लकवा म्हटलं की आपल्याला म्हातारं माणूस आठवतं. वाढलेलं बीपी, साखर, तंबाखू ही त्याची नेहमीची कारणं. पण तिशीतल्या बाईचं तोंड वाकडं झालं की घरात कुजबुज सुरू होते : बाहेरचं लागलं, कुणी केलं. मग भगताकडे कोंबडं जातं. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. तेवढ्यात दिवस मावळतो. भगताला आम्ही नावं ठेवत नाही, पण दवाखाना आधी आणि भगत नंतर, एवढं ठरवू या.

तरण्या वयातल्या लकव्यामागे कधीकधी वेगळा आजार असतो. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी राखण असते. राखणीचा कुत्रा घरच्याच माणसांना चावायला लागावा, तशी ही राखण कधी आपल्याच अंगावर उलटते. तिने रक्तवाहिन्यांना धरलं की त्यांना सूज येते. चिकूच्या वाडीतल्या पाइपात गाळ साचून पाणी अडतं, ते आपण पाहतो. इथे गाळ नसतो, पाइपाची भिंतच सुजून जाड होते. आतली वाट अरुंद होते, रक्ताची गुठळी अडकते, आणि मेंदूच्या त्या भागाला रक्त मिळत नाही. तोच लकवा.

अशा एका आजाराचं नाव ताकायासू. जपानच्या मिकितो ताकायासू या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1908 मध्ये एका तरुण बाईच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या देशातही हा आजार दिसतो. दहा रुग्णांत आठ-नऊ बाया असतात, आणि सुरुवात बहुधा चाळिशीच्या आत होते. सुरुवातीला बारीक ताप, थकवा, वजन उतरणं. पुढे कापणी करताना किंवा हंडा उचलताना एकच हात भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. त्या हाताची नाडी मंद लागते किंवा लागतच नाही. शिबिरात एका हाताला बीपी दाखवलं नाही, की मशीन बिघडलं म्हणून दुसऱ्या हाताला लावतात. बायांनो, तेव्हा विचारा : दोन्ही हातांत एवढा फरक का? कधी हाताची रक्तवाहिनी अरुंद झालेली असते.

दुसरा आजार ल्युपस. सांधे दुखतात, गालांवर चट्टे येतात, उन्हाने ते वाढतात, तोंड येतं, केस गळतात, काहींचे गर्भ वारंवार पडतात. यातही रक्तात गुठळ्या होऊन किंवा रक्तवाहिन्या सुजून लकवा येऊ शकतो. आपल्या भागातल्या सिकलसेलनेही लहान मुलांना झटका येतो, पण तो आजार निराळा, त्याची तपासणीही निराळी.

लकवा ओळखायचा कसा? हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढतं का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? बोलणं जड झालं का? यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन पाहून. तलासरीच्या आतल्या पाड्यांवरून निघायचं, तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. घास-घोट श्वासनळीत जाऊ शकतो. आणि झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

सूज उतरवायला डॉक्टर स्टेरॉइड आणि राखण शांत करणारी औषधं देतात. बरं वाटलं म्हणून ती एकदम बंद करू नका, त्याने जीव धोक्यात येतो. डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतात. यातली काही औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

आता पैशाचं. वीटभट्टीवर जायचं म्हणून औषध सुटतं, गाडीभाडं नाही म्हणून तपासणी राहते. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, तो अशाच वेळेसाठी आहे. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. येत्या बैठकीत प्रत्येक गटाने दोन गोष्टी ठरवाव्यात : रात्री गाडी कुणाची मिळेल, आणि सोबत कोण जाईल. सून आजारी पडली तर तिला माहेरी धाडून मोकळं होऊ नका. ती आपल्या गटाची सभासद आहे, तिचा हप्ता थांबेल, पण तिचं औषध थांबता कामा नये.