राज्यशास्त्राचा पदवीधर आणि त्याच्या पुढील वाटा

बारावीचा निकाल लागला, कीं सुशिक्षित कुटुंबांतून एक प्रश्न हटकून निघतो. मुलगी म्हणते, "बाबा, मला राज्यशास्त्र घ्यावयाचें आहे." वडील म्हणतात, "घे. पण पुढें काय?" मुलीपाशीं उत्तर तयार असतें : परराष्ट्र सेवा ! तें ऐकून घर निश्चिंत होतें. वस्तुतः चिंतेस आरंभ येथूनच व्हावयास हवा.

भारतीय परराष्ट्र सेवेची स्थापना ९ ऑक्टोबर १९४६ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वींच झाली. तींत शिरण्याचा मुख्य दरवाजा म्हणजे संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा. २०२३ सालच्या परीक्षेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. अर्ज आले दहा लाखांवर. पूर्वपरीक्षेस बसले सुमारें ५ लाख ९२ हजार. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२४. मुलाखतीपर्यंत पोहोंचले २,८५५. आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. परराष्ट्र सेवेच्या जागा होत्या अवघ्या ३७. शिवाय या परीक्षेस पदवी कोणत्याही विषयाची चालते. अभियंते आणि डॉक्टर हेही 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घेऊन बसतात. मुख्य परीक्षेच्या १,७५० लेखी गुणांपैकीं या विषयाचे ५०० ! म्हणजे राज्यशास्त्राच्या पदवीधराला थोडी आघाडी मिळते. वशिला मिळत नाहीं.

मग प्रयत्नच करूं नये काय? अवश्य करावा. कोल्हापूर जिल्ह्यांतील अब्दुल लाट या खेड्यांतून निघालेले श्री. ज्ञानेश्वर मुळे १९८३ सालीं या सेवेंत शिरले, टोकियोस जाऊन जपानी शिकले, आणि 'माती, पंख आणि आकाश' या पुस्तकांत त्यांनीं आपली वाटचाल लिहून ठेवली. परंतु सर्वसाधारण उमेदवारास संधी सहा आणि वयाची मर्यादा बत्तीस. या लांबलचक मुदतींतच धोका आहे. सहावी संधीही हुकलेला, वयाची तिशी ओलांडलेला आणि कोठेंही एक दिवस नोकरी न केलेला तरुण पुण्याच्या अभ्यासिकांतून आढळतो. त्याला बुद्धीची वाण नसते. दुसऱ्या वाटेची चौकशी घरांत कोणी वेळेवर केलेली नसते, इतकेंच.

या विद्यार्थ्याचें खरें भांडवल म्हणजे राज्यघटना, कायदे आणि करार वाचून त्यांतील मर्म थोडक्यांत मांडण्याची सवय. दिल्लींतील पी. आर. एस. लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था तरुण पदवीधरांची निवड करून त्यांना जवळजवळ वर्षभर एकेका संसद-सदस्याचे साहाय्यक म्हणून काम देते. विधेयकाच्या कोणत्या कलमानें काय बदलतें, जुन्या कायद्यांत काय होतें, सभासदाच्या राज्याचे आंकडे काय सांगतात, हें सारें दोन पानांत बसवून द्यावयाचें. लोकसभेंत विचारावयाचे प्रश्न रचून ठेवावयाचे. तेथें पाठांतराचा कांहीं उपयोग नाहीं. पगार बेताचा, पण कायदा घडतो कसा, हें डोळ्यांनीं दिसतें.

वृत्तपत्रांचे परराष्ट्र-विभाग, संशोधन संस्था, मोठ्या उद्योगांचे धोरण-विभाग येथेंही असे लेखणीबहाद्दर लागतात. अध्यापनाची वाट जुनी व प्रतिष्ठेची आहे. महाविद्यालयाकरितां पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट, शाळेकरितां बी. एड. मात्र कायमच्या जागा कमी, आणि घड्याळी तासांवर संसार चालत नाहीं, हें आधींच जाणलेलें बरें.

नुसती पदवी बहुधा अपुरी पडते. तिच्या जोडीला आंकडेशास्त्र, कायदा किंवा एखादी परकी भाषा असावी. परराष्ट्र सेवेंत निवड झालेल्यांनाही एक परकी भाषा शिकावीच लागते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्यें विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी या भाषा तेथें शिकवितात. नागरी सेवा परीक्षेस वयाचें एकविसावें वर्ष पुरें झाल्यावांचून बसतां येत नाहीं. बारावी झालेल्या मुलीला तोंवर तीनएक वर्षें हातांत असतात, आणि तेवढ्या काळांत एखादी भाषा कामापुरती हातीं येते.